सीएनसी पोस्ट प्रोसेसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं छोटं शेड आहे. दोन व्हीएमसी (उभी मिलिंग मशीनं), एक टर्निंग सेंटर (लेथ) आणि कोपऱ्यात एक राउटर, सगळी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारी. कामं सोलापुरात येतात तशीच येतात: पंपाची कव्हरं, साखर कारखान्याचे बुश, लूमचे गिअर, कुणाच्या तरी फिक्स्चरचे ब्लॉक. हल्ली कॅममध्ये (मशीनिंगची आखणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टूलपाथ, म्हणजे टूलची वाट, काढायला फारसं कुणाचं अडत नाही, कॉलेजची पोरंही तासाभरात काढतात. अडतं ते त्याच्या पुढे, प्रोग्रॅम मशीनवर गेला की. मग फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक वेळा कालच्याच फोनमधला असतो. म्हणून एकदाच लिहून ठेवलं.

एक खुलासा. खाली कोड देवनागरीत लिहिले आहेत. मशीनवर ते अर्थात रोमन अक्षरांतच टाकायचे.

पोस्ट म्हणजे नेमकं काय? कॅमने टूलपाथ काढला की प्रोग्रॅम तयार झालाच ना?

नाही झाला. कॅमच्या पोटात जे तयार होतं त्याला सीएल डेटा म्हणतात, म्हणजे टूलचं टोक कुठून कुठे जाणार याची यादी. त्यात ‘या बिंदूवर जा’, ‘फीड (कापताना सरकायचा वेग) एवढं’, ‘पाच नंबरचा टूल घे’, ‘कूलंट चालू’ एवढंच असतं. तुमच्या मशीनचा कंट्रोल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) फॅनकचा की सीमेन्सचा, टूल चेंजरला टूल बदलणारा हात आहे की छत्रीसारखी गोल चकती, झेड (वर-खालीचा अक्ष) वर न्यायचा तर कोणत्या कोडने, यातलं त्या यादीला काही ठाऊक नसतं. ती यादी तुमच्या मशीनच्या बोलीत उतरवून देतो तो पोस्ट प्रोसेसर.

सोलापूरकराला हे समजवायला चादरीचं उदाहरण पुरतं. जॅकार्ड चादरीचं डिझाइन आधी ग्राफवर काढतात, आणि लूमवर चढतात ती भोकं पाडलेली कार्डं. मधला कार्ड पंचिंगवाला ग्राफ बघतो आणि त्या जॅकार्डला हुक किती आहेत हेही बघतो. हुक बदलले की त्याच मोराची कार्डं नव्याने पंच करावी लागतात. मोर तोच, लूम वेगळा. कॅमचा टूलपाथ म्हणजे ग्राफ, जी-कोड (मशीन वाचतं ते हुकूम) म्हणजे कार्डं, आणि पोस्ट म्हणजे तो पंचिंगवाला. दुसऱ्याच्या लूमची कार्डं आपल्या लूमवर कुणी चढवत नाही. पोस्टच्या बाबतीत मात्र लोक सर्रास तेच करतात.

हा जी-कोड आला कुठून? सगळ्या मशीनला एकच का नाही केला?

करायचा प्रयत्न झाला. अमेरिकेत जॉन पार्सन्सच्या कल्पनेवरून एमआयटीने 1952 साली पंच टेपवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. टेप हाताने लिहिणं जिकिरीचं, म्हणून तिथेच डग्लस रॉसच्या गटाने एपीटी नावाची भाषा तयार केली. आकार एपीटीत लिहायचा, आणि शेवटी प्रत्येक मशीनसाठी वेगळा पोस्ट प्रोसेसर लावायचा. ‘पोस्ट’ हा शब्द तिथलाच, मुख्य हिशोब झाल्यानंतरची प्रक्रिया. पुढे 1980 मध्ये आरएस-274-डी आणि 1982 मध्ये आयएसओ 6983 अशी मानकं आली. पण मानकाने बऱ्याच जागा मोकळ्या सोडल्या आणि प्रत्येक कंट्रोलवाल्याने त्या आपापल्या परीने भरल्या. प्रोग्रॅमच्या वर-खाली येणारं टक्क्याचं चिन्ह ही त्या टेपचीच खूण आहे: रीडरने टेप इथपर्यंत गुंडाळून थांबायचं. टेप गेली, टक्का राहिला.

आमचं मशीन फॅनकच आहे. मग फॅनकचं पोस्ट लावलं की झालं ना?

सगळ्यात जास्त नुकसान या प्रश्नाने केलंय, म्हणून जरा सविस्तर.

फॅनक हे कंट्रोलचं नाव आहे, मशीनचं नाही. तोच कंट्रोल बीएफडब्ल्यूच्या मशीनवर असतो, ज्योतीच्या असतो, तैवानहून आलेल्या जुन्या मशीनवरही असतो. जी०१ (सरळ रेषा), जी०२ (आर्क, म्हणजे वर्तुळाचा तुकडा) सगळीकडे सारखे. पण एम-कोडपैकी (मशीनच्या चालू-बंदचे हुकूम) एम०३, एम०८, एम३० असे नेहमीचे सोडले तर बाकीचे मशीन बनवणारा स्वतः ठरवतो. एअर ब्लो, चिप कन्व्हेयर, स्पिंडलमधून (टूल फिरवणाऱ्या दांड्यातून) कूलंट, चौथ्या अक्षाचा क्लॅम्प, दरवाजा, या सगळ्यांचे नंबर मशीनच्या पुस्तकात बघायचे. शेजारच्या शेडमध्ये ज्या नंबरने एअर ब्लो चालू होतो, त्याच नंबरने तुमच्याकडे भलतंच काही हलेल.

दुसरी गोष्ट टूल चेंज. आर्म टाइप चेंजर असेल तर एक टूल कापत असताना पुढचा टूल आधीच बोलवून ठेवता येतो, वेळ वाचतो. छत्री टाइपला त्याचा उपयोग नाही, तिथे पोस्टमधलं ते सेटिंग बंदच ठेवा. टूल चेंजआधी झेड घरी (मशीनच्या ठरलेल्या मूळ जागी) न्यायचा की दुसऱ्या रेफरन्स पॉइंटला, हेही मशीनवर ठरतं.

तिसरी गोष्ट पैशाची. फॅनकमध्ये कितीतरी सोयी ऑप्शन म्हणून विकत घ्याव्या लागतात. हेलिकल इंटरपोलेशन, कोऑर्डिनेट रोटेशन, हाय-स्पीडचा जी०५.१ हे तुमच्या मशीनवर उघडलेले नसतील तर पोस्टने लिहिलेली ओळ कितीही बरोबर असो, कंट्रोल १० नंबरचा अलार्म देऊन मोकळा होतो: असा जी-कोड मला माहीत नाही. तेव्हा लोक पोस्टला शिव्या घालतात.

थोडक्यात, ‘फॅनक जेनेरिक’ हे शिंप्याकडचं कच्च्या टाक्यांचं जाकीट समजा. अंगावर चढवून बघितल्याशिवाय पक्की शिलाई नाही.

पोस्टमधून आलेला प्रोग्रॅम वाचायचा कसा? हजारो ओळी असतात.

हजारो वाचायच्या नाहीतच. सुरुवातीच्या दहा-बारा, प्रत्येक टूल चेंजच्या आजूबाजूच्या आणि शेवटच्या पाच. मधल्या ओळी कॅमची जबाबदारी, या पोस्टच्या. आमच्या मशीनचा एक खरा तुकडा बघा:

ओ१२३४
जी२१ जी१७ जी४० जी४९ जी८० जी९०
जी९१ जी२८ झेड०.
टी५ एम०६
जी९० जी५४ जी०० एक्स-१५. वाय२०.
एस३००० एम०३
जी४३ एच५ झेड५०. एम०८
झेड२.
जी०१ झेड-१. एफ२००.
एक्स८५. एफ६००.
जी०२ एक्स९५. वाय१०. आय०. जे-१०.

दुसरी ओळ म्हणजे पाटी पुसणं. आधीच्या प्रोग्रॅमने सोडलेलं टूल कॉम्पेन्सेशन (टूलच्या मापाची भरपाई), ड्रिलिंग सायकल (भोक पाडायच्या हालचालींचा तयार संच), सगळं रद्द. ही ओळ नसलेलं पोस्ट मी मशीनजवळही येऊ देत नाही.

तिसऱ्या ओळीतला जी९१ नीट बघा. जी२८ घरी जाताना आधी दिलेल्या मधल्या बिंदूवर जातो, मग घरी. जी९१मध्ये झेड०. म्हणजे ‘आहे तिथूनच’, म्हणून टूल सरळ वर जातो. तो जी९१ पोस्टने खाल्ला आणि जी९० चालू राहिला, तर झेड०. म्हणजे जॉबचा (कापायच्या तुकड्याचा) झीरो. टूल रॅपिडने (न कापता धावायच्या पूर्ण वेगाने) जॉबच्या पृष्ठभागावर येईल आणि मग वर जाईल. जॉबमध्ये पॉकेट असेल, टूल बाजूला असेल तर... पुढचं सांगायची गरज नाही. आणि त्यानंतर पाचव्या ओळीत जी९० परत आलाय का, तेही बघा.

सातव्या ओळीत टी५ला (पाचवा टूल) एच५ (त्याच्या लांबीची नोंद). काही पोस्ट एच नंबर कॅममधल्या वेगळ्या रकान्यातून उचलतात. टूल पाचवा आणि लांबी सहाव्याची असं झालं की पहिल्याच झेडला आवाज येतो.

शेवटच्या ओळीत आर्क आहे: एक्स८५ वाय२० पासून घड्याळाच्या दिशेने, मध्यबिंदू सुरुवातीपासून १० एमएम खाली. आय आणि जे म्हणजे सुरुवातीपासून मध्यबिंदूपर्यंतचं अंतर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डेसिमल पॉइंटचं एवढं काय? ५० लिहिलं काय आणि ५०. लिहिलं काय.

काही मशीनवर खरंच काही फरक पडत नाही. आमच्या जुन्या मशीनवर पडला.

फॅनकमध्ये 3401 नंबरच्या पॅरामीटरचा (कंट्रोलच्या आतल्या सेटिंगचा) पहिला, म्हणजे #० नंबरचा, बिट ठरवतो की पॉइंट नसलेला आकडा कसा वाचायचा. तो बिट शून्य असेल तर पॉइंट नसलेला आकडा सर्वांत लहान एककात मोजला जातो, म्हणजे सर्वसाधारणपणे मायक्रॉनमध्ये. ५०. म्हणजे ५० एमएम. नुसतं ५० म्हणजे ०.०५० एमएम.

तर झालं असं. पोस्ट मी एका ओळखीच्याकडून पेन ड्राइव्हवर आणलं होतं. त्याच्या मशीनवर वर्षभर चालत होतं. ते पोस्ट पूर्णांक आला की पॉइंट गाळायचं: एक्स१२०.५ नीट यायचा, पण झेड५०. चा झेड५० व्हायचा. त्याच्या मशीनचा बिट एक होता, आमचा शून्य. जॉब होता ॲल्युमिनियमचं कव्हर, दोन बाजूंनी क्लॅम्प, क्लॅम्पची डोकी जॉबच्या वर जवळजवळ १८ एमएम.

ड्राय रन केला होता. झेड १०० एमएम वर उचलून. हवेत टूल थोडासाच वर जातोय, पन्नास नाही, हे कुणाच्याच डोळ्यांत भरलं नाही, कारण हवेत मोजायला काही नसतं. मग जॉबवर लावलं. पहिला स्लॉट छान झाला. टूल वर गेला, म्हणजे पाच शतांश एमएम वर गेला, आणि एक्स१२०.५ला रॅपिडने निघाला. आमचे अण्णा सेटिंगवर होते. त्यांचा हात इमर्जन्सीवर होता, पण रॅपिडपुढे हात कुठे पुरतो. बारा एमएमचं कार्बाइड एंडमिल तुटलं, क्लॅम्पचा स्टड वाकला, जॉब उडून दरवाजावर आपटला. अण्णा एवढंच म्हणाले, “मालक, तो टिंब किती रुपयांचा पडला, बघा की.”

उपाय सोपा. पोस्टमध्ये प्रत्येक लांबीच्या आकड्याला सक्तीने पॉइंट द्यायचं सेटिंग असतं, ते चालू करा. पण सगळीकडे नाही. एस, टी, एच, डी यांना पॉइंट लागत नाही. जी०४मध्ये पी१००० म्हणजे एक सेकंद, तिथे पॉइंट चालत नाही. लेथच्या जी७६मध्ये (आटे कापायची सायकल) आट्याची उंची सांगणारा पी आणि पहिल्या कटची खोली सांगणारा क्यू मायक्रॉनमध्ये, तिथेही पॉइंट नको.

त्या स्टडचा वाकलेला तुकडा अण्णांनी कंट्रोल पॅनेलच्या वर ठेवलाय, अजून आहे.

आर्कवर अलार्म येतो, किंवा मशीन अचानक भलंमोठं वर्तुळ मारायला निघतं. का?

दोन वेगळे आजार आहेत.

भलंमोठं वर्तुळ म्हणजे आय-जे कसे वाचायचे यात घोटाळा. फॅनकवर ते सुरुवातीच्या बिंदूपासून मोजतात. पण मॅक-३ सारख्या पीसीवर चालणाऱ्या कंट्रोलमध्ये हे सेटिंग आहे: सुरुवातीपासून की मूळ झीरोपासून. लिनक्ससीएनसीमध्ये जी९०.१ आणि जी९१.१ने ते बदलतं. पोस्ट एक समजून लिहितं, कंट्रोल दुसरं समजून वाचतो, आणि स्क्रीनवर रांगोळी दिसते. मशीनवर जाण्याआधीच दिसली तर नशीब.

अलार्म म्हणजे फॅनकचा २० नंबर: सुरुवातीची त्रिज्या आणि शेवटची त्रिज्या जुळत नाही. आकडे तीन स्थळांपर्यंत तोडले की छोट्या आर्कमध्ये हा फरक वाढतो. किती फरक चालवून घ्यायचा ते 3410 पॅरामीटरमध्ये असतं, पण आधी तिथे हात घालू नका. आधी पोस्टमध्ये सांगा की अमुक लांबीपेक्षा लहान आर्क सरळ रेषेत लिही. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

आय-जेऐवजी आर (त्रिज्या) वापरायचा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. अर्ध्या वर्तुळापेक्षा मोठा आर्क असेल तर आर ऋण लागतो, आणि पूर्ण वर्तुळ आरने होतच नाही. मी आय-जेच ठेवतो.

आम्ही सीमेन्स मशीन घेतलं. जुने फॅनकचे प्रोग्रॅम चालतील का?

सीमेन्समध्ये आयएसओ मोड असतो, त्यात काही चालतात. पण ती उसनवारी आहे. नीट सीमेन्सचं पोस्ट घ्या. तिथे जी४३ एच नाही, टूल घेतला की डी१ ने लांबी लागते. टूलला नंबरऐवजी नाव देता येतं. त्रिज्येने आर्क लिहायचा तर सीआर= असं. ड्रिलिंगच्या सायकलींना सायकल८१, सायकल८३ अशी नावं, आणि प्रोग्रॅमच्या फाइलचं शेपूट एमपीएफ. कॉमेंट कंसात नाही, अर्धविरामानंतर लिहायची. फॅनकच्या पोस्टमध्ये कंसातली कॉमेंट राहून गेली की सीमेन्स तिथेच अडतो.

हायडेनहाइन तर वेगळंच घराणं. सरळ रेषेला एल, आर्कला आधी सीसीने मध्यबिंदू, मग सीने शेवट आणि डीआर-ने दिशा. वरच्या तुकड्यातला आर्क तिथे दोन ओळींत येतो. सोलापुरात माझ्या बघण्यात ही मशीनं मोजकीच, पण टूलरूममध्ये काम केलेला माणूस त्या भाषेच्या प्रेमात असतो. वाचायला सोपी आहे हे मीही मान्य करतो.

टॅप (भोकात आटे पाडायचं टूल) तुटतो. पोस्टचा दोष असू शकतो का?

असू शकतो, पण आधी टॅप, भोक आणि कूलंट बघा. दर वेळी पोस्टला धरू नका.

पोस्टचं म्हणाल तर: फीड म्हणजे आरपीएम गुणिले पिच (दोन आट्यांमधलं अंतर). एम८, पिच १.२५, ४०० आरपीएम म्हणजे एफ५००. आता कुणी ३३३ आरपीएम टाकलं तर ४१६.२५ येतं, आणि फीडचे दशांश गाळणारं पोस्ट ४१६ लिहितं. फरक बारीक आहे, तरंगत्या होल्डरमध्ये पचून जातो, पण रिजिड टॅपिंगला (स्पिंडल आणि झेड एकमेकांना बांधून चालतात ते) उगाच ताण कशाला? ३२० आरपीएम घ्या, फीड बरोबर ४०० येतं. फॅनकवर रिजिड टॅपिंगच्या आधी सहसा एम२९ एस लागतो, तो पोस्ट लिहितं का ते बघा. पोस्ट जी९५ (फेऱ्याला फीड) वापरत असेल तर टॅपिंगनंतर जी९४ (मिनिटाला फीड) परत येतो ना, तेही बघा.

लेथचं पोस्ट वेगळं लागतं का?

हो, आणि तिथल्या चुका जास्त महाग. एक्स व्यासात की त्रिज्येत, हे पहिलं. दुसरं जी९८ आणि जी९९. मिलिंगमध्ये हे ड्रिलिंग सायकलची परत यायची उंची सांगतात, फॅनक लेथवर (ए प्रकारच्या कोडमध्ये) फीड मिनिटाला की फेऱ्याला ते सांगतात. फेऱ्याचं फीड चालू असताना मिलिंगच्या सवयीने एफ२०० गेला तर एका फेऱ्याला २०० एमएम. उलट झालं तर एफ०.२ने टूल इतका सावकाश सरकतो की ऑपरेटर म्हणतो मशीन बंद पडलं.

तिसरं, जी९६ (व्यास बदलला तरी कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) लावला की जी५० एस ने कमाल आरपीएम बांधलेच पाहिजेत. हिशोब करा: कटिंग स्पीड १५० मीटर, व्यास २० असताना २३८७ आरपीएम. पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) व्यास २ एमएम उरला की तोच हिशोब २३,८७३ म्हणतो. मशीनची मर्यादा असेल तिथपर्यंत स्पिंडल पळेल, चकमधल्या बेढब कास्टिंगसकट. पोस्टच्या वरच्या ओळींत जी५० नसेल तर स्टार्ट दाबू नका.

चौथा अक्ष बसवलाय. साधं पोस्ट चालेल?

नाही. दोन गोष्टींमुळे.

एक, फीड. ए अक्ष (हा फिरणारा चौथा अक्ष) एकटा फिरत असेल तर एफ अंशांत मोजला जातो. एफ६०० म्हणजे मिनिटाला ६०० अंश. १०० व्यासाच्या जॉबवर एक अंश म्हणजे ०.८७३ एमएम, म्हणून पृष्ठभागावर सुमारे ५२४ एमएम. तेच २० व्यासावर जेमतेम १०५. चांगलं पोस्ट त्रिज्या बघून फीड बदलत जातं किंवा जी९३ने प्रत्येक ओळीला वेळ देतं. साधं पोस्ट एकच एफ लिहून मोकळं.

दोन, दिशा. ए३५०वरून ए१०ला जायचं तर २० अंश पुढे की ३४० अंश मागे? ते मशीनच्या पॅरामीटरवर आणि पोस्टच्या समजुतीवर ठरतं. दोघांचं जमलं नाही की टूल जॉबमध्ये असताना रोटरी उलटा जवळजवळ पूर्ण फेरा मारतो. क्लॅम्प-अनक्लॅम्पचे एम-कोड पोस्टमध्ये आहेत ना, तेही बघा.

पाच अक्षांत जी४३.४ (फॅनक), ट्राओरी (सीमेन्स), एम१२८ (हायडेनहाइन) अशी वेगळी दुनिया आहे. ते पोस्ट पैसे देऊन तज्ज्ञाकडूनच करून घ्या. मी स्वतः करत नाही.

राउटरवर ग्रबल (छोट्या मशीनचा फुकट कंट्रोल) आहे. एरर २० येते.

पोस्टने ग्रबलला न समजणारा कोड लिहिलाय. जी८१ सारख्या ड्रिलिंग सायकली ग्रबलला येत नाहीत, टूल चेंजही नाही. ग्रबलचंच पोस्ट निवडा, सायकली मोडून सरळ हालचालींत लिहायला सांगा. एरर ३३ आली तर आर्क बघा, वर सांगितलं तसं.

प्रोग्रॅम फार मोठा झाला. मशीन झटके देत चालतं.

डायच्या थ्रीडी कामात हे होतं. जुन्या मशीनला आरएस-232च्या वायरने ९६००च्या बॉड रेटवर (पाठवण्याच्या वेगावर) ड्रिप फीड करत असाल, म्हणजे प्रोग्रॅम कॉम्प्युटरवरून थोडाथोडा पाठवत असाल, तर सेकंदाला साधारण ९०० अक्षरं जातात. एक ओळ वीस अक्षरांची धरली तर ४५ ओळी. प्रत्येक ओळीत ०.१ एमएमची हालचाल असेल तर सेकंदाला साडेचार, मिनिटाला २७० एमएम. प्रोग्रॅममध्ये एफ२००० लिहून काय उपयोग? मशीन ओळींची वाट बघत थांबतं, आणि जॉबवर त्या थांब्यांचे ठिपके दिसतात.

पोस्टमध्ये ओळींचे नंबर बंद करा, मधल्या जागा काढा, बदललेला आकडाच लिहायला सांगा. खरा फायदा कॅममध्ये आहे: टॉलरन्स (आकारात चालणारा फरक) उगाच बारीक ठेवू नका आणि आर्क फिटिंग (बारीक रेषांऐवजी आर्क) चालू करा. मेमरी कार्डवरून चालणाऱ्या नव्या मशीनवर तोच प्रोग्रॅम झटके देत असेल तर हाय-स्पीडचा कोड पोस्टमध्ये आहे का ते बघा.

कॅममध्ये सिम्युलेशन अगदी बरोबर होतं. मग मशीनवर चूक कशी?

कारण त्या सिम्युलेशनने तुमचा जी-कोड बघितलाच नव्हता. बहुतेक कॅम स्वतःच्या सीएल डेटाचंच चित्र दाखवतात, पोस्टच्या आधीचं. चादरीचा ग्राफ सुंदर आहे म्हणून कार्डं बरोबर पंच झाली असं होत नाही. पोस्टमधून निघालेली फाइल वेगळ्या बघणाऱ्यात घाला. कॅमॉटिक्स फुकट आहे, सिम्कोचा एडिटर आहे, मोठ्या कारखान्यांत व्हेरिकट असतो. फुकटचे बघणारे तुमच्या मशीनचे पॅरामीटर मात्र ओळखत नाहीत. आमचा तो झेड५० त्यांनी खुशाल ५० एमएम दाखवला असता.

फ्यूजनच्या (ऑटोडेस्कच्या कॅमच्या) फुकट लायसन्समध्ये रॅपिड येतच नाहीत. पोस्ट खराब आहे का?

नाही. ऑक्टोबर 2020 पासून वैयक्तिक वापराच्या लायसन्समध्ये रॅपिड हालचाली फीडच्या हालचाली म्हणून निघतात, आणि टूल चेंज असलेला एकत्र प्रोग्रॅमही निघत नाही. पोस्ट बदलून काही होणार नाही. हाताने जी०१चे जी०० करणाऱ्या क्लृप्त्या लोक सांगतात. धंद्याच्या मशीनवर तसलं काही करू नका, आणि धंद्यासाठी ते लायसन्सच नाही.

पोस्ट स्वतः बदलू शकतो का?

थोडी चिकाटी असेल तर नक्की. फ्यूजनची पोस्टं सीपीएस फाइल असतात, आत साधं जावास्क्रिप्ट. मास्टरकॅमची पीएसटी, सॉलिडकॅमची जीपीपी, व्हेक्ट्रिकची पीपी साध्या एडिटरमध्ये उघडतात. फ्रीकॅडची पायथनमध्ये. एनएक्समध्ये पोस्ट बिल्डर आहे, मागे टीसीएल.

फ्यूजनचं उघडलंत तर ऑनओपन, ऑनसेक्शन, ऑनलिनिअर, ऑनसर्क्युलर, ऑनक्लोज अशी फंक्शनं दिसतील. सुरुवात, प्रत्येक ऑपरेशनची सुरुवात, सरळ रेषा, आर्क, शेवट. तुम्हाला हवी ती ओळ यांपैकी कशातून छापली जाते ते शोधा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर एकच नेहमीचा चाचणी जॉब काढून जुन्या फाइलशी ओळ-ओळ ताडून बघा. आमचा चाचणी जॉब एका हाताएवढ्या प्लेटचा आहे: एक फेस, एक पॉकेट, चार भोकं, दोन टॅप, एक पूर्ण वर्तुळ. जिथे पोस्ट चुकतं ते सगळं त्यात येतं.

आमचे सेटर पोस्ट बदलत नाहीत, दर वेळी प्रोग्रॅम हाताने दुरुस्त करतात. चालेल?

आमच्याकडेही हेच होतं. अण्णा प्रत्येक प्रोग्रॅमच्या वर तीन ओळी घालायचे आणि खालच्या दोन काढायचे. वीस वर्षांची सवय, हात चुकत नव्हता. पण गड्ड्याच्या यात्रेला अण्णा सुट्टीवर गेले, दुसऱ्या पाळीच्या पोराने तोच जॉब लावला, आणि त्या तीन ओळी अण्णांच्या डोक्यातच राहिल्या. त्या वेळी जॉब स्क्रॅप झाला एवढंच. परत आल्यावर मी त्यांना शेजारी बसवून त्या ओळी पोस्टमध्ये घातल्या. सेटर जे हाताने दुरुस्त करतो ते पोस्टचं अपुरं राहिलेलं काम असतं. त्याला ओरडू नका, त्याच्या दुरुस्त्या लिहून घ्या.

पोस्ट बाहेरून करून घ्यायचं तर काय माहिती द्यायची?

कंट्रोलचं पूर्ण मॉडेल, नुसतं ‘फॅनक’ नाही. मशीनचं मॉडेल आणि एम-कोडच्या यादीच्या पानांचा फोटो. टूल चेंजरचा प्रकार, अक्षांचे प्रवास. आणि सगळ्यात मोलाचं: त्या मशीनवर नीट चाललेला एखादा जुना प्रोग्रॅम, ड्रिलिंग आणि टॅपिंगसकट. तो हातात असला की निम्मं काम झालं. पॅरामीटरचा बॅकअप काढून ठेवा, पोस्टसाठी नाही तर बॅटरी गेली तर उपयोगी पडेल म्हणून.

नव्या पोस्टचा पहिला प्रोग्रॅम कसा चालवायचा?

जॉब न लावता, पण क्लॅम्प आणि व्हाइस जागेवर ठेवून. सिंगल ब्लॉक चालू, रॅपिड ओव्हरराइड सर्वांत कमी. प्रत्येक झेडच्या ओळीला थांबून डिस्टन्स-टू-गोचा (अजून किती जायचंय त्याचा) आकडा वाचायचा, आणि तो तोंडाने मोठ्याने म्हणायचा. आमच्याकडे हा नियमच आहे. पन्नास अपेक्षित असताना तोंडातून ‘शून्य पॉइंट शून्य पाच’ निघालं की हात आपोआप थांबतो.

त्यानंतर फोमचा किंवा लाकडाचा ठोकळा. मग जॉब.

पोस्टच्या फाइलचं नाव काय ठेवू?

मशीनचं नाव, तारीख, आणि शेवटचा बदल दोन शब्दांत. ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल-२’ अशी नावं ठेवू नका. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर ‘फायनल खरं’ नावाचं एक पोस्ट अजून आहे, आणि पॉइंट गाळणारं ते नेमकं तेच की दुसरं, हे आता कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ते उघडतच नाही.